राजा गप्प बसत नाही

वेताळाने विक्रम राजाला घातलेल्या अटी एकदा शांतपणे वाचून पाहा. वाटेत तोंड उघडायचं नाही. उघडलंस तर मी परत झाडावर. आणि गोष्टीच्या शेवटी मी एक प्रश्न विचारीन. त्याचं उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, याचं इतकं स्वच्छ, कलमवार उदाहरण मला दुसरीकडे फक्त सोसायटीच्या उपविधींत सापडलं आहे. तिथे डोकं फुटत नाही, नुसतं दुखतं, एवढीच काय ती सवलत.

रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' 1985 साली दूरदर्शनवर लागायची, रविवारी दुपारी साडेचारला. मी ती पाहिली बेलवलीला, आत्याकडे. बदलापूर पश्चिमेच्या या भागात तेव्हा इमारती कमी आणि भातखाचरं जास्त होती. टीव्ही मोजक्या घरांत. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र ठाणे, कल्याण, उल्हासनगर करत बेलवलीला पोचेपर्यंत पार दमलेलं असायचं. पडद्यावर मुंग्या यायच्या, आणि मुंग्या गेल्या की प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच एक फिकट सावली उभी राहायची. त्यामुळे रामानंद सागरांनी एक बेताळ पाठवला असला तरी आम्हाला दोन मिळत. भुताच्या मालिकेत अशी भर कोणाला नको असते?

माझा आतेभाऊ गच्चीवर अँटेना धरून उभा असे. "आला का?" तो वरून ओरडायचा. "आला, आला! हलू नकोस!" आम्ही खालून. त्याने हात सोडला की चित्र जायचं. तो खाली आला तर कोणालाच काही दिसणार नाही, आणि तो वर राहिला तर त्याला एकट्याला दिसणार नाही. पडद्यावरचा राजा ज्या पेचात होता त्याहून हा पेच अवघड होता, कारण राजाला निदान गोष्ट तरी ऐकायला मिळत होती. आतेभावाला आम्ही ती रात्री जेवताना सांगायचो, आणि ती सांगताना प्रत्येक जण वेगळी सांगायचा. परिणामी त्याला आजही वाटतं की त्या मालिकेत बरीच भांडणं होती.

अरुण गोविल राजा आणि सज्जन बेताळ. पांढरे मोकळे केस, पांढरे कपडे आणि ते हसणं. सज्जन यांनी तेव्हा साठी ओलांडली होती. या वयात दुसऱ्याच्या खांद्यावर लटकून गोष्ट सांगायची, प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळताच हवेत उडून जायचं, याला अभिनयाइतकाच पाठीचा कणा लागतो. पुढे 25 जानेवारी 1987 पासून हेच गोविल प्रभू रामचंद्र झाले आणि ठिकठिकाणी लोक टीव्हीपुढे उदबत्ती लावू लागले. आत्याने मात्र त्यांना लगेच राम मानलं नाही. "कालपर्यंत मुडदे वाहत होता," ती म्हणाली, "आधी आंघोळ करू दे त्याला."

ज्यांना हा राजा उज्जैनचा वाटतो त्यांच्यासाठी एक आनंदाची बातमी. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त तो त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. उज्जैनचा विक्रमादित्य तिथे नंतर येऊन बसला. सोमदेवाने हे सगळं अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी लिहिलं. आमच्या अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं. इकडे शिलाहारांचे पाथरवट वालधुनीच्या काठी दगड फोडत होते त्या सुमारास तिकडे एक पंडित काश्मीरच्या थंडीत बसून पैठणच्या राजाच्या खांद्यावर प्रेत ठेवत होता. बदलापूरहून अंबरनाथ एका स्टेशनावर आहे, एवढ्या जोरावर या व्यवहारात आपलाही थोडा हक्क लागतो असं मी धरून चाललो आहे.

राजा स्मशानात गेलाच कशाला, हा खरा प्रश्न. पण तो कोणी विचारत नाही. एक भिक्षू दहा वर्षं रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देत होता. राजा ते फळ कोषाध्यक्षाकडे द्यायचा आणि कोषाध्यक्ष ते खिडकीतून भांडारात टाकून द्यायचा. दहा वर्षं! एके दिवशी एका माकडाने ते फळ चावलं तेव्हा आतून रत्न पडलं. मग भांडार उघडून पाहिलं तर कुजलेल्या फळांखाली रत्नांचा ढीग. म्हणजे आवक झालेला माल न उघडता आत टाकायचा, नोंद नाही, पावती नाही आणि तपासणी शेवटी माकडाने केली. आपल्याकडची कार्यालयीन परंपरा किती जुनी आहे हे पाहून ऊर भरून येतो. फुकटचं इतकं घेतल्यावर भिक्षूने जे मागितलं ते राजाला द्यावंच लागलं: वद्य चतुर्दशीच्या रात्री ये, शिंशपेच्या झाडावरचं प्रेत काढ आणि माझ्यापर्यंत पोचव. बोलू मात्र नकोस.

आणि राजा बोलतो. एकदा नाही, चोवीस वेळा.

आता त्यातली सर्वांत जीवघेणी गोष्ट, वीरवराची. शूद्रक राजाकडे वीरवर नावाचा माणूस नोकरी मागायला येतो. पगार रोजचे पाचशे दिनार. राजा ठेवून घेतो, पण हेर मागे लावतो, की हा एवढ्या पैशांचं करतो काय? हेर सांगतात: शंभर बायकोच्या हाती घरखर्चाला, शंभर कपडे आणि विड्याला, शंभर देवपूजेला आणि दोनशे ब्राह्मणांना व गोरगरिबांना. उरलेले? उरत नाहीत. बाकीचा वेळ तो पावसापाण्यात, रात्री-अपरात्री तलवार घेऊन महालाच्या दारात उभा. एका रात्री दूरवर बाईचं रडणं ऐकू येतं. राजा त्याला पाठवतो आणि स्वतः लपून मागे जातो. रडणारी बाई म्हणजे पृथ्वी. ती सांगते, तिसऱ्या दिवशी राजा मरणार; वाचवायचा असेल तर तू तुझा मुलगा चंडीला बळी दे.

वीरवर घरी जातो, बायकोला उठवतो, मुलाला उठवतो. मुलगा म्हणतो, माझं भाग्य. देवळात मुलाचं शिर उतरतं. ते पाहून बहिणीचा जीव जातो. बायको चितेत उडी घेते. मग वीरवर स्वतःचं डोकं उडवतो. हे सगळं लपून पाहिलेला राजा म्हणतो, आता मी जगून काय करू, आणि तलवार मानेला लावतो. तेवढ्यात देवी प्रसन्न होते आणि सगळे उठून बसतात. वेताळ विचारतो: बोल राजा, यांच्यात सर्वांत थोर कोण?

विक्रम सांगतो, शूद्रक. कारण चाकराने धन्यासाठी मरणं हे त्याचं कामच आहे, बायको-मुलांनी कर्त्याच्या मागे जाणं ही रीत आहे. पण धनी चाकरासाठी मरायला निघाला, ही थोर गोष्ट.

ही गोष्ट झाली तेव्हा आत्या तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "म्हणजे मेली घरातली चार माणसं, आणि नाव कोणाचं? तर जो मेलाच नाही त्याचं!"

खोलीत दहा-बारा जण होते. शेजारचे, त्यांच्या घरी आलेले पाहुणे, आणि पाहुण्यांना सोडायला आलेला रिक्षावाला. कोणी काही बोललं नाही. आत्या थांबली नाही. "आणि ती पोर? तिने कोणाचं मीठ खाल्लं होतं? तिचं तर या विक्रमाने नावसुद्धा घेतलं नाही." मी पुढे मोठा झाल्यावर शोधलं. तिचं नाव वीरवती. आत्याला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "बघ, बापाचंच नाव चिकटवलंय."

गोष्टींतून निघणाऱ्या निवाड्यांवर पूर्वीपासून सगळ्यांचं एकमत असावं, असा माझा एक भाबडा समज होता. तो त्या दिवशी बेलवलीत मोडला. त्यानंतर प्रत्येक रविवारी दोन निकाल लागत, एक पडद्यावर आणि एक सुपामागून. शिरं बदलली गेल्याची गोष्ट तर जगभर गाजलेली. देवळात नवऱ्याने आणि भावाने आपापली डोकी उडवलेली, देवी म्हणते जोडून घे, बाई घाईत नवऱ्याच्या धडाला भावाचं डोकं आणि भावाच्या धडाला नवऱ्याचं डोकं लावते. आता नवरा कोण? विक्रम म्हणतो, ज्याला नवऱ्याचं डोकं आहे तो, कारण सर्व अवयवांत शिर मुख्य. टोमास मान या जर्मन लेखकाने 1940 साली यावर कादंबरिका लिहिली. तिच्यावरून पुढे गिरीश कर्नाडांनी 'हयवदन' लिहिलं, आणि विजया मेहतांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं. दोघांनीही निकालानंतरचा संसार पुढे चालवून पाहिला आणि दोन्हीकडे कोणाचंच भलं झालं नाही. आत्याने मान किंवा कर्नाड वाचलेले नाहीत. तिचा निकाल असा: "घोरतं ते डोकं, आणि बाजारातून पिशव्या आणतात ते हात. मला विचाराल तर मी हात ठेवून घेईन."

आतेयजमान त्या वेळी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर थोडा वर धरला.

मला त्या मालिकेत खरा पेच दिसला तो वेगळाच. कोण थोर, कोण नवरा, हे प्रश्न वेताळासाठी ठीक आहेत. राजाचा स्वतःचा पेच असा की त्याला उत्तर येतं. ज्याला उत्तर येत नाही तो मुकाट प्रेत घेऊन चालू लागतो आणि वेळेत पोचतो. ज्याला येतं तो थांबतो, खाकरतो आणि म्हणतो, "त्याचं असं आहे..." संपलं. प्रेत झाडावर, राजा पुन्हा उलट्या पावली स्मशानात. डोकं फुटण्याची भीती हे निमित्त असावं असा मला दाट संशय आहे. ती अट वेताळाने घातली नसती तरी हा गृहस्थ बोललाच असता.

'चांदोबा' मासिक वाचलेल्यांना हे पटेल. खांद्यावर मुडदा आणि हातात तलवार घेऊन निघालेल्या राजाचं शंकर यांनी काढलेलं ते चित्र अजून अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल. सोमदेवाने शेवटच्या गोष्टीला राजाची सुटका केली. 'चांदोबा'ने मात्र नवनव्या गोष्टी रचून त्याला दशकानुदशकं त्याच वाटेवर ठेवलं. महिन्याला एक गोष्ट, एक बरोबर उत्तर आणि एक फेरी. निवृत्तीचं वय नाही, रजा नाही, शाबासकी नाही. वाचणाऱ्या मुलांची मुलं झाली आणि त्यांनीही तेच चित्र पाहिलं.

हल्लीच्या भुतांच्या मालिकांत प्रश्नाला लगेच उत्तर मिळण्याची सोय गेली. 'रात्रीस खेळ चाले' 2016 साली झी मराठीवर आली, सावंतवाडीजवळच्या आकेरीतला नाईकांचा वाडा घेऊन. पुढे 2019 ला दुसरा भाग आला, 2021 ला तिसरा. सुरुवातीची वेळ रात्री साडेदहाची. ही वेळ ज्याने ठरवली त्याला बदलापूरकरांशी काहीतरी जुना हिशेब चुकता करायचा असणार. मुंबईहून उभ्याने आलेला माणूस रिक्षाच्या रांगेतून सुटून घरी पोचतो तो नेमका त्याच सुमारास. बेल वाजवली तर आत किंचाळी. आतले उठत नाहीत, कारण वाड्यातही नेमकं तेव्हाच कोणीतरी दार वाजवत असतं आणि घरात जोरात चर्चा चालू असते की ते उघडावं की नाही.

विक्रमाचा पेच वीस-बावीस मिनिटांत सुटायचा. आताच्या मालिकेत एक पेच सोमवारी पडतो आणि शनिवारी तो नुसता हलतो. 'सांगू की नको?' एवढं मनात आलं की नायिकेचा चेहरा डावीकडून, मग उजवीकडून, मग समोरून. मग घरातल्या बाकी नऊ जणांचे चेहरे, ज्यांना पेच काय आहे हेच माहीत नाही. त्यातल्या एकाचा चेहरा दोनदा, कारण त्याचा करार तसा असावा. मग कुत्रा. तोपर्यंत जाहिराती.

वेताळाचा नियम या मालिकांना लावून पाहा. उत्तर माहीत असून जो गप्प बसेल त्याच्या डोक्याची शंभर शकलं! मराठी वाहिन्यांवरची संध्याकाळ सात ते रात्री अकरापर्यंतची सगळी घरं सोमवारीच रिकामी होतील. मंगळवारी दाखवायला भिंतीवरचे फोटो उरतील, आणि तेही हार घातलेले. या मालिकांचं सगळं भांडवलच हे की कळलेलं कोणी सांगत नाही. नाईकांच्या वाड्यातली माईच बघा ना. शकुंतला नरे यांनी उभी केलेली ही बाई. नवऱ्याचं, म्हणजे अण्णांचं, बाहेर काय चाललंय, शेवंता कोण, हे सगळं तिला ठाऊक. माधव अभ्यंकरांचे अण्णा मिशीवरून हात फिरवत घरात शिरतात आणि ती पान वाढते. माहीत असून गप्प. वेताळाच्या हिशेबाने तिचं डोकं पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं. ते तीन भाग टिकलं. विक्रमाकडे सिंहासन, तलवार आणि शौर्य होतं, माईकडे चूल. आणि बोलून मोकळं व्हायची चैन यांपैकी कोणाला परवडणारी होती हे उघड आहे. मी हे मत मांडलं तेव्हा आमच्या घरातली चूल, म्हणजे गॅस, जरा मोठ्याने बंद झाला.

वेताळ म्हणजे भूत, असं मी आमच्या मजल्यावरच्या वेंगुर्ल्याच्या वहिनींसमोर एकदा बोलून गेलो. बेलवलीत अशी चूक पुन्हा करायची नाही, कारण इथल्या प्रत्येक इमारतीत निदान एक तरी कुटुंब सिंधुदुर्गातलं असतं. "भूत? आमच्या वेतोबाक भूत म्हणतास?" वहिनी एरवी आमच्याशी शुद्ध बोलतात. मालवणी बाहेर आली की समोरच्याने बसून घ्यायचं असतं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा गावाचा राखणदार. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. रात्री तो गावाच्या सीमेवर फिरतो म्हणून त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. सन मराठीने 2023 साली त्याच्यावर मालिकाही आणली. "तो कोणाच्या खांद्यार बसणारो नाय," वहिनी म्हणाल्या, "स्वतःच्या पायान फिरता. आणि डोकी फोडीत नाय. उलट आपण इचारायचा, देवान सांगायचा." कोकणातल्या देवळांत कौल लावतात तो असा: पेच माणसाने घेऊन जायचा, निवाडा देवाने द्यायचा. म्हणजे सोमदेवाने सगळंच उलटं करून ठेवलं होतं तर! प्रश्न भुताचा आणि डोकं माणसाचं जायचं, ही काश्मिरी पद्धत. वहिनींच्या पद्धतीत डोकं सुरक्षित राहतं, केळी मात्र खर्ची पडतात.

विक्रम राजाचा वंश पैठणला राहिला असेल-नसेल, बेलवलीत तो शाबूत आहे. आमच्या समोरच्या घरात राहणारे काका त्यातले. सकाळी खांद्यावर बॅग घेऊन ते स्टेशनकडे निघाले की त्यांना पाठमोरं पाहून मला 'चांदोबा'तलं चित्र आठवतं. तलवारीच्या जागी छत्री. गाडीत वेताळांची कमतरता नसते. एका सकाळी पेच पडला तो असा.

बदलापूरहून सुटणारी लोकल. अंबरनाथचा एक जण उलटा, डाऊनला येणाऱ्या गाडीत बसूनच बदलापूरला आलेला. तो उठलाच नाही. बदलापूरचा एक जण प्लॅटफॉर्मवर केव्हापासून उभा राहून, गाडी थांबायच्या आत उडी मारून चढलेला. तिसरा एक ग्रुपवाला. तो स्वतः अजून चढलेला नाही, पण त्याच्या मित्राने त्याच्यासाठी रुमाल टाकलेला. जागा एक आणि तिघांचा तिच्यावर दावा. अंबरनाथकर म्हणतो, पास माझाही बदलापूरपर्यंतचा आहे. बदलापूरकर म्हणतो, गाडी आमच्या स्टेशनातून सुटते. रुमालवाला खिडकीबाहेरून म्हणतो, रुमाल दिसत नाही का? सांग राजा, जागा कोणाची?

काका खिडकीशी बसले होते, वाऱ्याच्या बाजूला. त्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं. पण त्यांना उत्तर येत होतं. आधी ते बाहेर बघत राहिले. मग मानेवरून हात फिरवला. मग पेपराची घडी घातली. शेजारच्याने ओळखलं आणि तो हळूच म्हणाला, "काका, नको." काका म्हणाले, "अहो, पण साधी गोष्ट आहे."

निवाडा असा: कोण कुठून आला, कोणाचा रुमाल, हे सगळं गौण. ज्याला लांब जायचंय त्याला बसू द्यावं आणि ज्याला जवळ उतरायचंय त्याने उभं राहावं. गाडीत शांतता पसरली. निवाडा इतका बिनतोड होता की तिघांनाही तो पटला. मग अंबरनाथकराने विचारलं, "काका, तुम्ही कुठे उतरता?"

"डोंबिवली," काका म्हणाले.

तिघांनाही सीएसएमटीला जायचं होतं, म्हणजे बदलापूरहून 68 किलोमीटर. खिडकी गेली. संध्याकाळी काकू जिन्यात सांगत होत्या, "मी म्हटलं, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? तर म्हणतात कसे, डोकं फुटलं असतं!"

सोसायटीच्या सभेतही हेच. रात्री पाण्याचा पंप कोणी चालू ठेवला, हे सगळ्यांना माहीत असतं. अध्यक्ष विचारतात, "कोणाला काही माहिती आहे का?" सगळे पंख्याकडे बघतात. मला त्या क्षणी फक्त एकाच माणसाची काळजी वाटते आणि तो मानेवरून हात फिरवायला लागलेला असतो.

आता पंचविसावी गोष्ट, जिथे राजा हरला. एक बाप आणि त्याचा मुलगा रानातून जात असतात. वाटेत दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात, एक मोठे, एक छोटे. दोघे ठरवतात: मोठ्या पावलांची ती आई असणार, ती बापाने करायची, छोट्या पावलांची मुलगी, ती मुलाने. शब्द दिला जातो. गाठतात तर निघतं भलतंच. मुलीची पावलं मोठी आणि आईची छोटी. शब्द म्हणजे शब्द. बापाचं लग्न मुलीशी, मुलाचं तिच्या आईशी. पुढे दोन्ही जोडप्यांना मुलगे होतात. वेताळ विचारतो: त्या दोन मुलांचं एकमेकांशी नातं काय?

चोवीस वेळा बोललेला राजा गप्प. त्याला सुचेचना. खाली मान घालून चालू लागला. वेताळ खूश झाला, त्याने सांगून टाकलं की भिक्षू तुझाच बळी देणार आहे, आणि त्यातून कसं सुटायचं तेही सांगितलं.

गेल्या दिवाळीत बेलवलीला आत्याकडे फराळाला बसलो असताना मी ही गोष्ट सांगितली. आत्याला आता ऐकू कमी येतं, पण नाती तिला ऐकू न येताही कळतात. वेंगुर्ल्याच्या वहिनीही माझ्या बायकोबरोबर आल्या होत्या. "एवढंच ना?" आत्या म्हणाली आणि तिने ताटली पुढे ओढली. दोन चकल्या ठेवल्या, "हे बाप-लेक." दोन करंज्या ठेवल्या, "या मायलेकी." मोठ्या चकलीशेजारी लहान करंजी, लहान चकलीशेजारी मोठी करंजी. मग प्रत्येक जोडीसमोर एकेक बेसनाचा लाडू.

"हा पहिला लाडू. याचा बाप आणि त्या दुसऱ्याचा आजा एकच. म्हणजे हा दुसऱ्याच्या बापाचा सावत्र भाऊ. काका झाला." तिने बोट दुसऱ्या लाडवावर नेलं. "आता हा. याची आई ती पहिल्याची आजी. म्हणजे हा पहिल्याच्या आईचा सावत्र भाऊ. मामा. एक काका, एक मामा. झालं! यात अडखळण्यासारखं काय आहे?"

मी मनातल्या मनात सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. बरोबर होतं. जिथे पैठणच्या राजाचं डोकं चाललं नाही तिथे आत्याने फराळाच्या ताटलीत निकाल लावला. एवढ्यावर ती थांबणार नव्हती. "मोठ्याच्या लग्नात मामा म्हणून मागे उभा राहायचा मान धाकट्याचा. धाकट्याच्या लग्नात मोठा काका म्हणून मिरवणार."

"पण आहेर?" वहिनींनी मुद्द्याला हात घातला. "मामाचा आहेर मोठा असता. मग काकान मामाक देवचो की मामान काकाक?"

"दोघांनी दोघांना. आणि साड्या त्या मायलेकींना. पण माहेरच्या म्हणून की सासरच्या म्हणून, हे आधी बोलून घ्यायचं, नंतर रुसवे नकोत."

इथे मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आत्या, तू उत्तर दिलंस म्हणजे राजाचं मौन मोडलं. वेताळ गेला परत झाडावर, आणि राजाला पुन्हा हेलपाटा.

"जाऊ दे की!" आत्या म्हणाली. "तो भिक्षू पोचल्यावर त्याचं डोकंच कापणार होता ना? मग चोवीस वेळा उशीर झाला तो बरा की वाईट? बोलला म्हणून तर रात्रभर जिवंत राहिला मेला." मी वेताळाने शेवटी सावध केल्याचं सांगायला लागलो, तर तिने ताटली माझ्यापुढे सरकवली. "खा आता. नाहीतर बाप-लेक मऊ पडतील."